पावती नंबर एक

घरपट्टीच्या वसुलीला मी निघालो की निम्मं गाव रानात जायचं. एरवी पारावर तंबाखू मळत दिवसभर बसणाऱ्यांना माझ्या काखेत पावतीपुस्तक दिसलं की एकदम बांधावरचं काम आठवायचं. दारात घरची बाई उभी राहून सांगायची, मालक न्हाईत. एकदा असंच बाई सांगत होती आणि तेवढ्यात मालक माळ्यावर शिंकला. मी खालूनच शंभर वर्षं जगा म्हणालो आणि पुढच्या घरी गेलो.

हीच माणसं यात्रेच्या वर्गणीला सर्वांच्या पुढं. शेजाऱ्यानं अकरा दिले की हा एकवीस देणार, आणि फळ्यावर नाव वर लिहा म्हणून भांडणार. कुणाची म्हैस कोंडवाड्यात गेली तर दंड भरून, दोन शिव्या देऊन ती सोडवून नेणार. सगळ्याला पैसे होते. घरपट्टीच्या चार-पाच रुपयांना मात्र हात आखडायचा. मला याचा राग यायचा. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा राग यायचा.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडं, पाऊस आठवण झाली तरच पडतो अशा मुलखात ग्रामसेवक होतो. माझं स्वतःचं गाव साताऱ्याजवळचं, उसाचं आणि फौजींचं. वडीलही पलटणीतून पेन्शनीत निघालेले. तिथून मला या कुसळांच्या माळावर आणून टाकलं होतं, आणि मी ते मनाला लावून घेतलं होतं. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, पण गावातल्या विहिरींना त्याचं अजून भान आलं नव्हतं.

नोकरीआधीच्या प्रशिक्षणात आम्हाला कराची व्याख्या शिकवली होती. शिकवणारे गृहस्थ म्हातारे आणि फार सावकाश बोलणारे. ते म्हणायचे, फी दिली की काम होतं, भाडं दिलं की जागा मिळते, दंड भरला की सुटका होते, देणगी दिली की नाव होतं. कराचं तसं नाही. कर द्यावाच लागतो, आणि त्याच्या बदल्यात माझ्या पदरात काय पडलं, असं विचारता येत नाही. सगळ्यांचं एकत्र होतं आणि त्यातून सगळ्यांसाठी काय ते होतं. मी हे वहीत उतरून घेतलं, परीक्षेत जसंच्या तसं लिहिलं, पैकीच्या पैकी गुण मिळवले. कळलं काहीच नव्हतं. ते मला एका बाईनं शिकवलं, आणि तिला अक्षरओळख नव्हती.

गावाच्या पूर्वेला एक ओढा होता आणि ओढ्यापलीकडं मेंढपाळांची चार घरं. घरं म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर गवत. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरायची, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायची, आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. त्यातली एक बाई भाद्रपदात एका दुपारी पंचायतीच्या कचेरीत आली. चाळिशी ओलांडलेली, उंच, उन्हानं रापलेली. मी तिला त्या दिवसापासून आक्का म्हणू लागलो आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलो.

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या टेबलावर कागदांचा एक चुरगळलेला गठ्ठा ठेवला. सगळ्या पावत्या. कितीतरी गावांच्या, काही पावसात भिजून वाळलेल्या.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "ह्यातली गावाची कंची ते सांगा."

मी पत्ते लावावेत तशा त्या पावत्या लावल्या. ही वनखात्याची, डोंगरात मेंढरं चारल्याची फी. ही कोंडवाड्याची, मेंढरं कुणाच्या हरभऱ्यात शिरली असतील, त्याचा दंड. ही कुठल्याशा गावच्या यात्रेची वर्गणी. ही परत कोंडवाड्याची. तिनं जिथं जिथं पाऊल ठेवलं तिथं काही ना काही दिलं होतं, आणि आमच्या गावाचा एकही कागद त्यात नव्हता. आमच्या गावानं तिच्याकडं कधी काही मागितलंच नव्हतं. मी तसं सांगितलं.

"म्हंजी आमी कुटलंच न्हाई," ती म्हणाली. रडका सूर नव्हता. हिशेब लागला, एवढंच.

मग ती मुद्द्यावर आली. गावाला सरकारकडून एक हातपंप मिळणार आहे, भोक पाडायचं यंत्र उन्हाळ्यात येणार आहे, हे तिनं विहिरीवर ऐकलं होतं. वस्तीच्या बाया गावच्या विहिरीवर पाण्याला यायच्या. कुणी त्यांना हाकलत नसे, पण गावच्या बायांचं भरून झाल्याशिवाय त्यांचा पोहरा आत जात नसे. "या पावण्या, बसा जरा," असं गोड बोलून त्यांना बाजूला बसवत. वीस वर्षं ती तिथं पावणी होती. पंप कुठं बसवायचा ते ग्रामसभेत ठरणार होतं आणि तिला तिथं उभं राहून बोलायचं होतं. पावणीनं कुठं बसावं ते यजमान सांगतो, पावणी सांगत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिला घरपट्टी लावून हवी होती.

माझ्या उभ्या नोकरीत पट्टी लावा म्हणून आलेलं हे पहिलं आणि शेवटचं माणूस.

मी सरपंचांकडं गेलो. सरपंच साठीचे, धोतर-पटक्यातले, कमी बोलणारे आणि बोलले की समोरच्याला गप करणारे. ते म्हणाले, त्या गरिबांना इतकी वर्षं न मागता सूट दिली आहे, ती कशाला मोडता? मला ते दयाळूपणाचं वाटलं. मग ते पुढचं बोलले. पट्टी लावली की वाट मागतील, दिवा मागतील, उद्या पंचायतीत खुर्ची मागतील. तेव्हा मला कळलं की ती दया नव्हती. गावानं त्यांच्याकडून काही घेतलं नव्हतं, म्हणजे गाव त्यांचं काही लागत नव्हतं. मोफत ठेवून माणसाला बाहेर ठेवता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

माझं डोकं फिरलं. नियमाप्रमाणं गावाच्या हद्दीतलं प्रत्येक छप्पर यादीत असलं पाहिजे, असं तावातावानं सांगितलं. खरं सांगायचं तर यात न्यायाची चाड किती आणि सरपंचांना हरवण्याची खुमखुमी किती, हे आज मला सांगता येणार नाही. सरपंचांनी तडजोड काढली. जी मागते तिच्याच घराला लावा, बाकीच्या तिघांचं पुढच्या साली बघू. त्यांचा अंदाज असा, की दिवाळीला ती मेंढरांमागं गेली की विषय आपोआप विझेल.

मी टेप घेऊन घर मोजायला गेलो तर अंगण सारवून ठेवलेलं. मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी तयारी. तिचा नवरा, एक अबोल माणूस, घोंगडं पांघरून भिंतीला टेकून बसला होता. शेजारची तिन्ही घरं दारात उभी राहून गंमत बघत होती. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी बाई बघा, असं कुणीतरी मला ऐकू येईल असं म्हणालं. तिनं ऐकलं आणि टेपचं दुसरं टोक भिंतीला आणखी घट्ट धरलं.

मोजून झाल्यावर तिनं विचारलं, पट्टी भरली की पंप मिळंल का? मी खोटं बोलू शकलो असतो. पण व्याख्या पाठ होती. मी म्हणालो, नाही आक्का, पट्टी म्हणजे पंपाची किंमत नव्हे. पट्टीच्या बदल्यात काही मागता येत नाही.

"आन् दंडाला तरी बकरू परत मिळतं," भिंतीपासून नवरा म्हणाला. तेवढंच तो त्या दिवशी बोलला.

तिनं टेपचं टोक सोडलं. मग पट्टीत काय काय धरलंय ते वाचून दाखवा म्हणाली. मी वाचलं. घराची इतकी, दिवाबत्तीची इतकी. दिवाबत्ती कुठली, तिनं विचारलं, कारण वस्तीवर तर चिमणीशिवाय काही नव्हतं. मी म्हणालो, चावडीपुढचा खांब.

"मग त्यो दिवा माजाबी हाय म्हना की," ती म्हणाली, आणि तिला हे आवडल्याचं स्पष्ट दिसलं.

ती तिथल्या तिथं पैसे काढू लागली. इथं माझ्या नियमबाजीनं घोटाळा केला. कमिटीची मंजुरी व्हायची आहे, मग मागणीबिल निघेल, मग पैसे घेता येतील, असं मी तिला थाटात सांगितलं. बिल निघालं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि त्यांचं बिऱ्हाड घोड्यावर लादलं जात होतं, हातात होते नव्हते ते पैसे वाटखर्चाला बांधलेले. तिनं बिल पिशवीत ठेवलं. मार्च सरायच्या आत येऊन भरीन म्हणाली. मी म्हणालो, कुणाच्या हाती पाठवलंत तरी चालेल. नको, ती म्हणाली, मीच येईन, माझ्या हातानं भरीन. हे मी ऐकलं आणि विसरलो.

एकतीस मार्चला ग्रामसेवकाच्या अंगात काय येतं ते ग्रामसेवकालाच ठाऊक. पंचायत समितीचे साहेब संध्याकाळपर्यंत आकडे मागत आणि शेजारच्या गावांचे आकडे मुद्दाम मोठ्यानं वाचत. त्या साली मी हट्टाला पेटलो होतो. मळ्यातून, माळ्यावरून, एकाला तर सलूनच्या खुर्चीतून गाठून वसुली केली होती. एका पंचाची जुनी थकबाकी होती, ती त्यानं राजकारण करून वेगळी दाखवायला लावली होती. चालू सालातलं शेवटी दोन-तीन किरकोळ रकमांवर अडलं. त्यात वस्तीवरच्या आक्काचं घर. अशा वेळी आमच्यातले बरेच जण जे करत ते मी केलं. स्वतःच्या खिशातून ते दोन-चार रुपये भरले, त्यांच्या नावानं पावत्या फाडल्या आणि शंभर टक्के वसुलीचा आकडा पाठवून दिला. तिच्या बाबतीत तर मला पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं. गरीब बाई, कुठं मेंढरांमागं फिरते, तिच्या डोक्यावरचा बोजा उतरवला.

दिवस मावळायला ती आली. साताऱ्याच्या खालच्या अंगाला एका मळ्यात मेंढरं बसली होती. पहाटे निघून, तीन एस.टी. बदलून, शेवटची फाट्यावर सोडून गेल्यावर पुढं पायी. पायावर गुडघ्यापर्यंत धूळ. कचेरीच्या दारात तिनं आधी पदरानं तोंड पुसलं, मग गाठ सोडली.

मी हसत सांगितलं, आक्का, उगाच हेलपाटा घातलात. तुमची पट्टी केव्हाच भरली. आणि तिच्या नावाची पावती टेबलावर ठेवली.

तिनं ती घेतली, उलटसुलट करून बघितली. कुणी भरली ते विचारलं. मी सांगितलं.

ती पावती तिनं परत टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं ती आशीर्वाद देईल.

"तुमी भरलं म्हंजी ती मदत झाली, भाऊसाहेब," ती म्हणाली. "मदत मी मागितली न्हवती."

मला राग आला. एक तर खिशातले पैसे गेले, वर हे ऐकायचं. मी म्हणालो, पैसे पोचल्याशी मतलब, पावतीवर नाव तुमचंच आहे ना?

"नाव माजं, पैसं तुमचं. मग गावाला घर कुनाचं लागलं?"

हा प्रश्न प्रशिक्षणाच्या वहीत नव्हता. वहीत नसलेलं काही समोर आलं की मी आवाज चढवत असे, तसा चढवला. एवढंच असेल तर ते पैसे मला द्या, फिटंफाट, म्हणालो. तिनं हातातल्या पैशांकडं बघितलं आणि ते पुन्हा गाठीत बांधले. हे गावाचे आहेत, तुमचे नव्हेत, असं काहीसं म्हणाली आणि अंधार पडायच्या आत ओढा उतरायला म्हणून निघून गेली.

मी खोलीवर आलो, भाकरी खाल्ली, आणि मग मला लाज वाटू लागली. ती बाई सारा जिल्हा ओलांडून एक गोष्ट करायला आली होती, आणि ती गोष्ट मी तिच्याआधी करून टाकली होती. पट्टी सगळ्यांनी द्यायची असते हे मला पाठ होतं. ज्याची त्यानं द्यायची असते, नाहीतर ती पट्टीच राहत नाही, हे मी आकड्याच्या नादात पार विसरलो होतो. आणि उद्या ग्रामसभेत कुणी म्हणालंच की हिची तर ग्रामसेवकानं भरलीय, तर ती परत पावणीची पावणी.

सकाळी कचेरी उघडायला गेलो तर ती पायरीवर बसलेली.

"नव्या सालाचं पुस्तक उघडा," ती म्हणाली.

मी म्हणालो, नव्या सालाची बिलं अजून लिहायची आहेत. ती उठली नाही. बिल नाही म्हणून एकदा थांबले आणि काय झालं ते बघितलं, आता थांबायची नाही, दुपारच्या गाडीला परत जायचं आहे, असं तिनं शांतपणे सांगितलं. पट्टी एक एप्रिललाच देय होते, हे नियमाला धरून होतं. नियमात बसतं आहे आणि तरी आपण आडवे येतो आहोत, हे कळून मला माझंच हसू आलं.

मी कपाटातून नवं कोरं पावतीपुस्तक काढलं, पंचायतीचा शिक्का मारला, शाई भरली. पहिल्याच पानावर तिचं नाव लिहिलं. तिनं गाठ सोडली आणि नाणी एकेक करून टेबलावर ठेवली, जोरानं, प्रत्येकाचा आवाज होईल अशी. पावती फाडून हातात दिली तर म्हणाली, वाचा. मी वाचली. नाव, गाव, घर, दिवाबत्ती, आणि वरचा नंबर, एक.

"एक म्हंजी गावात पयली?"

"पहिली. सरपंचांच्याही आधी."

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पिशवीतल्या सगळ्या पावत्यांच्या वर तिनं ही पावती ठेवली आणि जाता जाता दारातून वळून म्हणाली, चावडीपुढचा दिवा काल सांजच्याला लागला न्हवता, तेवढं बघा. बल्ब खरंच गेला होता. गावातले लोक आठ दिवस त्याच्याखालून अंधारात जात-येत होते आणि एकालाही तो आपला वाटला नव्हता.

मेच्या अखेरीस देवळापुढच्या पटांगणात ग्रामसभा भरली. बिऱ्हाडं नुकतीच परत आली होती. बाप्ये जाजमावर, आणि कडेला, लिंबाच्या सावलीत ती एकटी. दुसरी बाई नव्हती. पंपाचा विषय निघाला. पंप चावडीपाशी हवा की देवळापाशी, यावर दोन तट होते आणि दोन्हीकडचे घसे गरम झाले होते. ती उभी राहिली. कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. आलं तेव्हा सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

पहिला तो पंच बोलला, थकबाकीवाला. ज्यांची पट्टी भाऊसाहेब आपल्या खिशातून भरत्यात त्यांनीबी आता बोलायचं का, असं तो हसत म्हणाला, आणि पाच-सहा जण हसले. कुठून फुटलं होतं कोण जाणे. गावात असल्या गोष्टींना पाय फुटायला वेळ लागत नाही.

ती उभीच राहिली. माझ्याकडं बघितलंही नाही. मी बोललो तर माझा शंभर टक्क्यांचा आकडा खोटा होता हे भर सभेत कबूल करणं होतं, आणि पुढं साहेबांच्या कानावर जाणं होतं. गप बसलो तर तिला खाली बसावं लागलं असतं.

मी उठलो. सांगितलं, गेल्या सालची मी भरली, हे खरं आहे. तिनं मला तसं सांगितलं नव्हतं. ती भरायला आली होती आणि मी आकड्यासाठी तिच्याआधी भरून बसलो, ही माझी चूक. या सालची तिनं स्वतः भरली आहे, एक एप्रिलला सकाळी, पावती नंबर एक. आणि पुस्तक माझ्या हातात आहे, आज इथं बसलेल्यांपैकी कुणाकुणाची भरली आहे ते वाचून दाखवू का?

वाचायची वेळ आली नाही. माणसं जाजमावरची कुसळं निवडू लागली. हसू परत आलं, पण आता ते पंचाच्या दिशेनं होतं, आणि तोही शेवटी त्यात सामील झाला.

सरपंचांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. मग तिला म्हणाले, काय बोलायचं ते बोल. मला वाटलं ती पावती काढून दाखवेल आणि पंप मागेल. तिनं पिशवीला हात लावला नाही.

"पट्टी भरली म्हनून पंप द्या, असं मी म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पट्टीच्या बदली काय मागता येत न्हाई, मला ठावं हाय. आमी गावचं हाय. गावचा पंप कुटं बसवायचा ते ठरवताना आमाला इचारा, एवढंच."

सरपंचांनी विचारलं, बरं, विचारलं. कुठं बसवायचा? ती म्हणाली, ओढ्याच्या अलीकडं, शाळेच्या मागं. गावाला शंभर पावलं, वस्तीला दोनशे, आणि पोरांना मधल्या सुट्टीत प्यायला. चावडीवाल्यांना तो देवळापाशी नव्हता म्हणून चालला, देऊळवाल्यांना चावडीपाशी नव्हता म्हणून. दोन तटांच्या भांडणात तिचं म्हणणं सरळ मधून निघून गेलं. सरपंच मला म्हणाले, भाऊसाहेब, लिहा.

साहेबांकडून मला पुढं लेखी समज मिळाली. मिळायलाच हवी होती. ती माझ्या फाइलला लागली आणि तिचं मला कधी फारसं वाईट वाटलं नाही.

यंत्र आलं. पहिला दिवसभर नुसती पांढरी धूळ उडाली, सगळं गाव भुतासारखं पांढरं होऊन बघत उभं. दुसऱ्या दिवशी दुपारी धूळ उडायची थांबली आणि चिखल उडाला. बाया पुढं धावल्या. कोण आधी आणि कोण नंतर, हे त्या गर्दीत कुणाला कळलं नाही, आणि पुढं पंपावर ते कधी ठरलंच नाही. हंडा आला त्या नंबरानं.

पुढच्या एक एप्रिलला मी सकाळी कचेरीवर गेलो तर पायरीवर ती, आणि तिच्यामागं वस्तीवरच्या बाकीच्या तीन घरांतलं, मेंढरं सोडून मुद्दाम आलेलं, एकेक माणूस. त्यांची नावं त्याच साली यादीत आली होती. धोंडा पायावर पाडून घ्यायला आलात का, असं मी विचारलं तर तिघं लाजून हसले. थोड्या वेळानं सरपंच आले. धुतलेलं धोतर नेसून, यंदा पहिला नंबर आपला म्हणून लवकर उठून आले होते. त्यांना पाच नंबरची पावती मिळाली. ती हातात घेऊन ते म्हणाले, "अवघड हाय गड्या ह्या गावाचं," आणि मिशीत हसले. त्या साली वसुलीला मला माळ्यावरून कुणाला उतरवावं लागलं नाही, असं मी म्हणणार नाही, पण कमी लागलं.

पावसाळ्यात माझी बदली शिराळ्याकडं झाली. एव्हाना मला ते कुसळांचं गाव सोडवत नव्हतं. निघायच्या दिवशी पंचायतीनं नारळ दिला, सरपंच चार वाक्यं बोलले, पंचानं थकबाकीतला एक हप्ता सगळ्यांसमोर भरून टाळ्या घेतल्या. आक्का सर्वात शेवटी आली. तिच्या खांद्यावर काळं घोंगडं होतं, आपल्या मेंढरांच्या लोकरीचं विणून घेतलेलं. ते तिनं माझ्या हातात ठेवलं. शिराळ्याकडं पाऊस लय, असं म्हणाली. मी घोंगड्याच्या पैशांबद्दल काही बोलणार होतो, पण तोवर एवढी अक्कल मला आली होती.

घोंगडं हातात घेतलं तर एका कोपऱ्याला गाठ लागली. आत काहीतरी कडक होतं. मी तिच्याकडं बघितलं.

"घोंगडं आहेर हाय," ती म्हणाली. "गाठीतलं उसनं हाय, त्या एकतीस तारखेचं. दोनी येगळं ठेवा."

मी म्हणालो, राहू द्या आक्का. ती म्हणाली, मोजा. मग मी गाठ सोडली, तिच्यासमोर ते पैसे मोजले, आणि पोचले म्हणालो. तिनं मान हलवली आणि हंडा घेऊन ती पंपाकडं गेली.